नोकरी बदला, पण पेन्शनची वर्षे मोडू नका: पानिपत-काला अंब परिसरातील कामगार आणि मालकांसाठी ईपीएस-९५ ची माहिती

थोडक्यात

- पीएफ कापला जाणाऱ्या बहुतेक कामगारांच्या नावाने दरमहा पेन्शन फंडातही रक्कम भरली जाते. ती मालकाच्या हिश्श्यातून जाते.
- एकूण १० वर्षे भरली की वयाच्या ५८ व्या वर्षापासून आयुष्यभर मासिक पेन्शन मिळते. ही १० वर्षे एकाच कारखान्यातली किंवा सलग असावी लागत नाहीत.
- नोकरी सोडताना पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर तोवरची वर्षे पुसली जातात. नव्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.
- पैसे काढण्याऐवजी खाते हस्तांतरित करा किंवा योजना प्रमाणपत्र घ्या.

ही माहिती कोणासाठी आहे?

काला अंब हे नाव मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईमुळे ठाऊक आहे. लढाईचे स्मारक असलेले हे ठिकाण हरियाणातील पानिपत शहराजवळ आहे आणि पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतो. आजचे पानिपत ओळखले जाते ते कापडासाठी: चादरी, ब्लँकेट, गालिचे, आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा काढलेले सूत. इथल्या मागांवर, सूतगिरण्यांत आणि रंगाई-धुलाईच्या कारखान्यांत काम करणारे बरेच जण बाहेरगावचे आहेत. दोन-चार वर्षे एका ठिकाणी, मग दुसऱ्या कारखान्यात, मग गावाकडे, असा त्यांचा प्रवास असतो. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव किंवा सोलापूरच्या कामगाराचीही गोष्ट वेगळी नाही.

नोकरी अशी तुकड्यातुकड्यांत झाली की सर्वांत जास्त नुकसान होते ते पेन्शनचे, आणि ते टाळणे बहुतेक वेळा कामगाराच्या हातात असते. म्हणून हा लेख.

एक सूचना: हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्यातही हरियाणाच्या सीमेवर काला अंब नावाची औद्योगिक वसाहत आहे. इथे दिलेले नियम केंद्र सरकारचे असल्यामुळे दोन्हीकडे सारखेच लागू आहेत. तक्रार किंवा अर्ज करताना मात्र आपल्या कारखान्याचा जिल्हा आणि राज्य नीट लिहा.

पगारातून किती जाते आणि कुठे जाते?

कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के रक्कम त्याच्या पगारातून कापली जाते. ती सगळी त्याच्या पीएफ खात्यात जमा होते. मालकानेही तेवढेच, म्हणजे १२ टक्के भरायचे असतात. मालकाच्या या हिश्श्याचे दोन भाग होतात: ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफ खात्यात. याशिवाय केंद्र सरकार पगाराच्या १.१६ टक्के रक्कम पेन्शन फंडात घालते.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आहे. तर दरमहा हिशेब असा होतो:

- कामगाराच्या पगारातून पीएफमध्ये: १,६८० रुपये
- मालकाकडून पेन्शन फंडात: सुमारे १,१६६ रुपये
- मालकाकडून पीएफमध्ये: सुमारे ५१४ रुपये
- सरकारकडून पेन्शन फंडात: सुमारे १६२ रुपये

पेन्शनसाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. त्यामुळे पगार कितीही असला तरी मालकाकडून पेन्शन फंडात साधारणपणे महिन्याला १,२५० रुपयांपेक्षा जास्त जात नाही. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे. त्याआधी ती ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार १५,००० रुपयांपेक्षा जास्त असलेल्या कामगाराला पेन्शन योजनेचे सदस्यत्व मिळत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो.

या योजनेचे पूर्ण नाव कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. बोलताना तिला ईपीएस-९५ म्हणतात. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवा. पीएफची रक्कम तुमच्या खात्यात व्याजासह वाढत जाते आणि पासबुकात दिसते. पेन्शन फंडातली रक्कम तशी वाढत नाही. ती सर्व सदस्यांच्या एकत्रित निधीत जाते. तिथे मोजली जातात ती तुमची वर्षे आणि तुमचा पगार. म्हणून पीएफ म्हणजे साठवलेले पैसे आणि पेन्शन म्हणजे साठवलेली वर्षे, असे समजायला हरकत नाही.

पेन्शन किती मिळते?

सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पेन्शनपात्र पगार म्हणजे नोकरीच्या शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी. सर्व नोकरी १ सप्टेंबर २०१४ नंतरची धरली, तर सरासरी पगार १५,००० रुपये असलेल्या कामगाराचा हिशेब असा:

- १० वर्षे: सुमारे २,१४३ रुपये महिना
- २० वर्षे: सुमारे ४,७१४ रुपये महिना
- ३० वर्षे: सुमारे ६,८५७ रुपये महिना

२० वर्षे किंवा त्याहून जास्त सेवा झाली की सूत्रात २ वर्षे वाढवून धरतात. वरच्या हिशेबात ती धरलेली आहेत. शेवटच्या अपूर्ण वर्षात सहा महिने किंवा जास्त भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरले जाते. ज्या काळात पगार नव्हता आणि म्हणून काहीच भरले गेले नाही, तो काळ सेवेत मोजला जात नाही.

पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. १० वर्षे भरलेली असतील आणि नोकरी सुटली असेल तर ५० व्या वर्षानंतरही पेन्शन घेता येते. मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते आणि ही कपात कायमची असते. याउलट ५८ नंतर पेन्शन ६० व्या वर्षापर्यंत पुढे ढकलली तर प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के वाढ मिळते.

किमान मासिक पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये ठरवलेली आहे.

सर्वांत मोठी चूक: ‘दहा सी’ भरून पैसे काढणे

नोकरी सुटली की अनेक कामगार पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेतात. त्यासाठी फॉर्म १० सी भरला जातो. १० वर्षांपेक्षा कमी सेवा असेल तर नियम तशी परवानगी देतो. दर वर्षाच्या सेवेमागे ढोबळमानाने एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम हातात येते. आणि तेवढी वर्षे खात्यातून कायमची जातात.

एक उदाहरण पाहू. माग दुरुस्त करणारा एक जॉबर आहे. त्याने इचलकरंजीत ५ वर्षे काम केले. तेव्हा त्याचा पगार १०,००० रुपये होता. पुढे तो पानिपतला गेला आणि तिथे ६ वर्षे काम केले. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार १४,००० रुपये आहे.

पहिला मार्ग: इचलकरंजी सोडताना त्याने पेन्शनचे पैसे काढले. त्याला सुमारे ५०,००० रुपये मिळाले. पानिपतमध्ये मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. शेवटी खात्यात ६ वर्षेच आहेत, म्हणून त्याला मासिक पेन्शन मिळू शकत नाही. ६ वर्षांचे सुमारे ८४,००० रुपये मिळतील. दोन्ही मिळून सुमारे १,३४,००० रुपये.

दुसरा मार्ग: त्याने काहीही काढले नाही, खाते हस्तांतरित केले. ५ आणि ६ मिळून ११ वर्षे झाली. १४,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे २,२०० रुपये महिना. वर्षाला २६,४०० रुपये. साधारण पाच वर्षांत पहिल्या मार्गाची सगळी रक्कम भरून निघते. त्यानंतर तो जितकी वर्षे जगेल तितकी वर्षे पेन्शन चालू राहते. त्याच्या मागे पत्नीला दरमहा १,१०० रुपये मिळत राहतात.

२,२०० रुपयांत घर चालत नाही, हे खरेच. पण सत्तरीत हात चालेनासे होतात तेव्हा महिन्याचे किराणा-औषध कोणाकडे न मागता आणता येणे, ही छोटी गोष्ट नाही.

पैशांची गरजच असेल तर?

नोकरी सुटली की घरात पैसे लागतात. अशा वेळी पीएफ आणि पेन्शन वेगळे ठेवा. आजारपण, शिक्षण, लग्न, घर किंवा बेरोजगारी अशा कारणांसाठी पीएफ खात्यातून नियमांनुसार आगाऊ रक्कम काढता येते. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. त्याने पेन्शनच्या वर्षांना धक्का लागत नाही.

संगणक केंद्रात किंवा दलालाकडे अर्ज भरायला गेलात तर स्पष्ट सांगा: “पीएफची रक्कम हवी आहे, पेन्शनची नको.” पुष्कळदा सवयीने दोन्ही अर्ज एकदम भरले जातात आणि कामगाराला ते नंतर कळते.

ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पैसे काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. बेरोजगार झाल्यावर पेन्शनची रक्कम काढण्यासाठी थांबण्याची मुदत २ महिन्यांवरून ३६ महिने करण्याचे त्यात ठरले. कामगाराने घाईघाईने वर्षे मोडू नयेत, हा त्यामागचा विचार आहे. अर्ज करण्याआधी त्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे मदत क्रमांकावर विचारून घ्या.

नोकरी सोडताना आणि नवी धरताना काय करावे?

१. यूएएन एकच ठेवा. यूएएन हा १२ अंकी क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नव्या कारखान्यात रुजू होताना जुना क्रमांक द्या. “नवीन काढून देतो” असे कोणी म्हटले तर नकार द्या. दोन क्रमांक झाले की सेवेची वर्षे दोन ठिकाणी विखुरतात.

२. आधार, नाव आणि जन्मतारीख जुळवा. आधारवर एक जन्मतारीख आणि पीएफमध्ये दुसरी असेल तर पेन्शनच्या वेळी अर्ज अडतो. ५८ व्या वर्षाची वाट पाहू नका, नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी हे विशेष पाहावे.

३. नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का, ते पाहा. मालकाने नोंदवली नसेल तर शेवटचा भरणा झाल्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः सदस्य पोर्टलवर ती नोंदवू शकता.

४. हस्तांतर करा. सदस्य पोर्टलवर फॉर्म १३ ऑनलाइन भरता येतो. जानेवारी २०२५ मध्ये नियम सोपे केल्यानंतर, आधारशी जोडलेल्या यूएएनच्या बहुतेक प्रकरणांत जुन्या किंवा नव्या मालकाच्या मंजुरीची गरज उरलेली नाही.

५. पुढची नोकरी पीएफची नसेल तर योजना प्रमाणपत्र घ्या. गावी शेती करणार असाल, स्वतःचा धंदा टाकणार असाल किंवा छोट्या कारखान्यात जाणार असाल, तर फॉर्म १० सी मध्येच ‘योजना प्रमाणपत्र’ हा पर्याय निवडा. तुमची किती वर्षे झाली आणि कुटुंबात कोण आहे, याची नोंद त्यात असते. चार वर्षांनी पुन्हा पीएफची नोकरी मिळाली तर ते प्रमाणपत्र देऊन जुनी वर्षे जोडता येतात.

६. घाबरू नका. हस्तांतरानंतर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही. तिथे शून्य दिसले म्हणजे पैसे बुडाले असे नाही. पुढे गेली आहेत ती वर्षे. ती सेवेच्या तपशिलात तपासा.

कुटुंबाला काय मिळते?

पेन्शन घेणाऱ्या सदस्याचा मृत्यू झाला तर जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या ५० टक्के रक्कम, किमान १,००० रुपये महिना मिळते. २५ वर्षांखालील दोन मुलांना एका वेळी प्रत्येकी जोडीदाराच्या पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५० रुपये मिळतात. आई-वडील दोघेही नसतील तर मुलांना ७५ टक्के, किमान ७५० रुपये मिळतात.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर १० वर्षांची अट नसते. एक महिन्याचा भरणा झालेला असला तरी कुटुंबाला पेन्शन मिळू शकते. कामगार नोकरीत असताना पूर्णपणे आणि कायमचा अपंग झाला तरीही १० वर्षांची अट नाही. शिवाय नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ठेव संलग्न विमा योजनेतून वारसाला ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही.

म्हणून ऑनलाइन नामनिर्देशन आजच भरा. पती किंवा पत्नी आणि सर्व मुलांची नावे, आधार क्रमांक आणि बँक खाते त्यात घाला. लग्नाआधी भरलेले पीएफचे नामनिर्देशन लग्नानंतर रद्द धरले जाते, ते नव्याने भरावे लागते. गावी असलेल्या कुटुंबाला तुमचा यूएएन आणि कारखान्याचे नाव लिहून द्या. माणूस गेल्यावर पानिपतमधला कारखाना शोधत फिरणे गावाकडच्या बाईला जमत नाही.

मालकांसाठी: काय बदलले आहे?

२० किंवा जास्त माणसे कामावर असलेल्या कारखान्याला पीएफ लागू होतो. ही संख्या मोजताना ठेकेदारामार्फत आलेली माणसेही धरली जातात. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. “तो माझा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे” हे उत्तर कायद्यात चालत नाही. पीएफ कामाच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. “सहा महिने झाल्यावर बघू” असेही चालत नाही.

भरण्याची मुदत. दर महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज लागते. त्याशिवाय दंडही लागतो. १४ जून २०२४ च्या अधिसूचनेने हा दंड थकबाकीच्या दरमहा १ टक्का असा ठरवला. त्याआधी उशिराच्या काळानुसार तो वर्षाला ५ ते २५ टक्के होता.

पगाराची व्याख्या. मूळ पगार कमी दाखवून बाकीची रक्कम भत्त्यांत टाकायची आणि पीएफ वाचवायचा, ही पद्धत आता धोक्याची आहे. सर्व कामगारांना सरसकट दिले जाणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरावे लागतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची एकच व्याख्या आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जादा रक्कम वेतनात धरली जाईल. १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवरच पीएफ भरला जात असेल, तर या बदलामुळे कामगाराच्या हातात येणारा पगार कमी होत नाही, असे केंद्रीय कामगार मंत्रालयाने स्पष्ट केले आहे.

ग्रॅच्युइटी. नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. पानिपतसारख्या, कराराने माणसे घेणाऱ्या ठिकाणी हा बदल दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

राहून गेलेल्या कामगारांची नोंद. कर्मचारी नोंदणी योजना २०२५ ही याच अडचणीसाठी आणली गेली. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात कामावर आलेल्या, पण पीएफमध्ये न घेतलेल्या कामगारांची नोंद मालकाने स्वतःहून करायची, अशी ही योजना आहे. तिची मुदत १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ अशी जाहीर झाली. कामगाराच्या पगारातून हिस्सा कापलेला नसेल तर तो माफ होतो, मालकाने आपला हिस्सा भरायचा, आणि दंड म्हणून फक्त १०० रुपये.

नव्या भरतीसाठी प्रोत्साहन. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नोकऱ्यांसाठी आहे. आयुष्यात पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्या आणि पगार १ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपये रक्कम दोन हप्त्यांत मिळते. मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी ५० पेक्षा कमी माणसे असलेल्या मालकाने किमान २, आणि ५० किंवा जास्त माणसे असलेल्याने किमान ५ नवे कामगार घेऊन ते किमान सहा महिने टिकवायचे असतात. जुन्या कामगाराचा नवा यूएएन काढून हा लाभ मिळत नाही.

कारखान्यात २० पेक्षा कमी माणसे असतील तर?

पानिपतमध्ये काय किंवा इचलकरंजी-मालेगावात काय, चार-आठ मागांचे कारखाने पुष्कळ आहेत. तिथे पीएफ सक्तीचा नाही. पण मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेने नोंदणी करता येते. ते होत नसेल तर दोन पर्याय पाहा:

- प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना: वय १८ ते ४०, मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते. ६० वर्षांनंतर दरमहा ३,००० रुपये. पीएफ किंवा ईएसआयचे सदस्य यात येऊ शकत नाहीत.
- अटल पेन्शन योजना: वय १८ ते ४०, बँक किंवा पोस्टातील बचत खाते हवे. ६० वर्षांनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये, भरण्यानुसार. प्राप्तिकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून यात प्रवेश नाही.

गावी परतल्यावर पेन्शन कशी मिळेल?

५८ पूर्ण झाल्यावर फॉर्म १० डी भरून पेन्शनसाठी अर्ज करायचा. पूर्वी पेन्शन ठरावीक बँकांच्या शाखांतूनच मिळत असे. गाव बदलले की कागदपत्रे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवावी लागत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्रीय पेन्शन भरणा व्यवस्था लागू झाली आहे. आता देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतील खात्यात पेन्शन जमा होऊ शकते. पानिपतमध्ये काम केलेल्या कामगाराची पेन्शन सोलापूर किंवा बीड जिल्ह्यातल्या गावच्या खात्यात थेट येते.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. तो नोव्हेंबरमध्येच दिला पाहिजे असे नाही. वर्षात कधीही द्या, त्या दिवसापासून १२ महिने तो चालतो. तो ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने आधारवरून देता येतो: मोबाइलवर चेहरा दाखवून, नागरी सुविधा केंद्रात, बँकेत किंवा पोस्टमनकडून घरी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मधे तीन वर्षे नोकरी नव्हती. जुनी वर्षे गेली का?
नाही. पैसे काढले नसतील तर जुनी वर्षे तशीच राहतात. मधला काळ मोजला जात नाही, एवढेच.

पूर्वीच पेन्शनचे पैसे काढले आहेत. आता परत भरता येतील का?
काढलेली रक्कम परत भरून जुनी वर्षे मिळवता येत नाहीत. आजपासूनची वर्षे जपा.

मालक पगारातून पीएफ कापतो, पण भरतो का हे कसे कळेल?
यूएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस कॉल द्या. शेवटचा भरणा आणि शिल्लक संदेशातून कळते. उमंग ॲपवर पासबुकही पाहता येते. कापून घेतलेली रक्कम भरलेली नसेल तर पगाराच्या पावत्या जपून ठेवा आणि लगेच तक्रार करा.

किमान पेन्शन ७,५०० रुपये झाली, असा संदेश मोबाइलवर आला आहे. खरे आहे का?
पेन्शनधारकांच्या संघटनांची ती मागणी आहे. मागणी म्हणजे निर्णय नव्हे. केंद्र सरकारची अधिसूचना निघाल्याशिवाय अशा संदेशावर विश्वास ठेवू नका आणि त्यातल्या दुव्यावर आधार किंवा ओटीपी देऊ नका.

मदत कुठे मिळेल?

- ईपीएफओचा टोल फ्री मदत क्रमांक: १४४७०.
- ‘निधी आपके निकट’ शिबिर: दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरते. कामगार, मालक आणि पेन्शनधारक तिघेही तिथे थेट अधिकाऱ्यांना भेटू शकतात. २७ ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी जा.
- ऑनलाइन तक्रार: ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

शिबिरात जाताना यूएएन, आधार, बँक पासबुक, आधीच्या सर्व कारखान्यांची नावे आणि तिथे रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. त्या यादीतली वर्षे आणि खात्यातली वर्षे जुळतात का, एवढे विचारून या. जुळत नसतील तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोकरीत असताना हे काम लवकर होते. वीस वर्षांनी बंद पडलेल्या कारखान्याचे कागद शोधणे फार अवघड जाते.